स्प्रिंगचा दर विचारला आणि सात आठवडे गेले

माझ्या गाडीचे सस्पेन्शन प्रत्यक्ष बदलायला दोन दिवस लागले. निवड करायला मात्र चार महिने लागले, आणि त्यांपैकी सात आठवडे एका विक्रेत्याकडून एक आकडा मिळवण्यात गेले. तो आकडा म्हणजे स्प्रिंगचा दर, अर्थात स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती बळ लागते ते. ज्या वस्तूचे निम्मे मर्म या आकड्यात आहे, ती वस्तू विकणाऱ्याला तो सांगता येऊ नये याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि हे लिहायला बसण्याचे खरे कारणही तेच आहे.

गाडी माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात निघालेल्यांपैकी. दोन आसने, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण १,०५० किलो आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन आडवे हात. आधीच्या मालकाने तिला उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग बसवल्या होत्या, डॅम्पर, म्हणजे स्प्रिंगचे डोलणे शमवणारे नळकांडे, मात्र जुनेच ठेवले होते. उभी असताना गाडी देखणी दिसे. पण वळणात असताना रस्त्याचा लहानसा उंचवटा आला की मागची बाजू एकदम बाहेर सरके. डॅम्पर थकले असतील असे मी गृहीत धरले आणि थेट नव्या कॉइलओव्हरची, म्हणजे डॅम्परभोवतीच स्प्रिंग बसवलेल्या जोडसंचाची, चौकशी सुरू केली. तसे करण्याआधी जी तपासणी करायला हवी होती ती मी नंतर केली, म्हणून ती येथे आधी सांगते.

डॅम्परच्या दांड्यावरचे रबरी आवरण वर सरकवावे आणि उघड्या पडलेल्या चकचकीत दांड्याभोवती प्लास्टिकची केबल टाय बांधावी. ती आपोआप घसरू नये, पण ढकलली तर सरकावी, इतपतच घट्ट. मग नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीच्या वेगाने दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी. डॅम्पर जितका दाबला जातो तितकी टाय वर ढकलली जाते आणि तेथेच राहते. माझ्या गाडीत परत येऊन पाहिले तेव्हा चारपैकी तीन टाय बम्प स्टॉपला, म्हणजे डॅम्पर पूर्ण दबू नये म्हणून दांड्याच्या टोकाशी बसवलेल्या रबरी ठोकळ्याला, टेकून चेपल्या होत्या. गाडी सपाट जागी उभी असताना मोजले तर डॅम्पर आणि बम्प स्टॉप यांच्यात पुढे फक्त १४ मिलिमीटर मोकळी जागा होती. म्हणजे गाडी स्प्रिंगवर कमी आणि बम्प स्टॉपवर जास्त चालत होती. वळणात बाहेरच्या चाकाचा बम्प स्टॉप दाबला गेला की त्या कोपऱ्याचा ताठरपणा क्षणात कितीतरी पटींनी वाढतो, टायरवरचा भार झटक्याने बदलतो आणि पकड सुटते. गाडीचा सारा चंचलपणा त्या १४ मिलिमीटरमध्ये होता. डॅम्पर थकलेले होतेच, पण केवळ नवे डॅम्पर घातले असते तर दुखणे तसेच राहिले असते.

त्यामुळे मला काय हवे आहे ते नेमके ठरले: थोडी उंच बसणारी, दाबाला पुरेशी जागा असलेली, माफक ताठ गाडी. किती ताठ, हे ठरवण्यासाठी स्प्रिंगचा दर लागतो, पण तो एकटा पुरत नाही. स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही. ती विशबोनवर, चाकापासून आत बसते, त्यामुळे चाक जितके हलते त्याहून ती कमी दबते. मी पुढची एक स्प्रिंग काढून चाक जॅकने ५० मिलिमीटर उचलले, तेव्हा डॅम्पर ३५ मिलिमीटर आखडला. गुणोत्तर ०.७ आले. चाकाला जाणवणारा दर काढताना या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो, म्हणजे स्प्रिंगच्या दराच्या निम्म्याहूनही किंचित कमी ताठरपणा चाकापर्यंत पोचतो. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-डॅम्परचा खांब थेट चाकाच्या आधाराला जोडलेली रचना, असलेल्या गाडीत हेच गुणोत्तर एकाच्या बरेच जवळ असते. एका गाडीत सुसह्य वाटणारी ८ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग दुसरीत पाठीचे हाड खिळखिळे करते ती यामुळेच, आणि म्हणून आपल्याहून वेगळी गाडी असलेल्या मित्राचा आकडा उचलण्यात अर्थ नसतो.

पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक आणि ब्रेक वगळून, चालकासह साधारण २४० किलो भार धरला तर ३ किलो प्रति मिलिमीटर दराच्या स्प्रिंगवर तो कोपरा सेकंदाला सव्वा वेळा डोलू पाहतो, ६ किलोवर पावणेदोन वेळा आणि ८ किलोवर दोन वेळा. आरामाच्या गाड्या एक ते दीडच्या दरम्यान असतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारसाठी दीड ते दोन हा पट्टा मला योग्य वाटला. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते की मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डोलणारी ठेवली तर उंचवट्यानंतर गाडी पुढे-मागे झुलत राहत नाही. हलक्या, बुटक्या गाडीत तो नियम तंतोतंत पाळण्याची गरज नसते, पण मागचे टोक फार मऊ ठेवू नये एवढे मी त्यातून घेतले.

एवढी तयारी झाल्यावर मी त्या विक्रेत्याकडे गेले, आणि येथेच सगळे अडले. त्यांच्या मागणीपत्रात गाडीचे नाव, वर्ष आणि वापराचा प्रकार एवढेच रकाने होते. वापराच्या प्रकारात तीन पर्याय होते: रस्ता, रस्ता व ट्रॅक, ट्रॅक. चालकाचे वजन, टायरचा आकार, हवी ती उंची यांतले काही लिहायला जागाच नव्हती. संच आपल्या गाडीसाठीच तयार केलेला आहे या आश्वासनावर विसंबून मी आगाऊ रक्कम भरली. आकडे विचारण्याआधी पैसे भरणे ही माझी चूक होती, आणि पुढचे सात आठवडे तिचीच किंमत म्हणून गेले.

मी तीन प्रश्न लेखी पाठवले. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचा दर, एककासह. डॅम्परची पूर्ण उघडी व पूर्ण मिटलेली लांबी. आणि कोणत्या वेगाला डॅम्पर किती रोध करतो त्याचा आलेख. नऊ दिवसांनी जे उत्तर आले ते माहितीपत्रक होते, जे माझ्याकडे आधीपासूनच होते. मी पुन्हा विचारले. उत्तर आले की डॅम्परला समायोजनाचे ३२ टप्पे आहेत, त्यामुळे हवा तसा ताठरपणा मिळेल. हे उत्तर वाचून मला फार चीड आली, कारण ते ऐकून माहीत नसलेला माणूस गप्प बसतो. टप्प्यांच्या संख्येवरून काहीच कळत नाही. एक टप्पा फिरवल्यावर रोध किती बदलतो हा खरा प्रश्न असतो, आणि पुष्कळ स्वस्त डॅम्परांमध्ये बरेचसे टप्पे फिरवूनही जवळपास काहीच बदलत नाही. शिवाय एकच खुंटी असलेल्या डॅम्परमध्ये दाबतानाचा आणि उघडतानाचा असे दोन्ही रोध बहुधा एकदमच वाढतात. स्प्रिंग ताठ असेल तर उघडतानाचा रोध वाढायला हवा असतो, दाबतानाचा त्याच प्रमाणात नव्हे. आणि डॅम्पर कितीही फिरवला तरी स्प्रिंगचा दर बदलत नाही, ही तर अगदी प्राथमिक गोष्ट आहे.

तिसऱ्या वेळी मी फोन केला. पलीकडची व्यक्ती सौजन्याने बोलली, परंतु "मॅडम, ती माहिती अंतर्गत असते" यापुढे काही सांगायला तयार नव्हती. स्प्रिंगचा दर अंतर्गत कसा असू शकतो? सुट्या विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सरळ स्प्रिंगांवर आतला व्यास, मोकळी लांबी आणि दर असे तीन आकडे कारखान्यातच छापलेले असतात. ६५, १८०, ०६ असे काही वाचले की काम भागते. मी विनंती केली की गोदामातला एखादा संच उघडून स्प्रिंगवरचे छापील आकडे तेवढे वाचून दाखवा. चौकशी करून कळवतो, असे उत्तर मिळाले. पाचव्या आठवड्यात एका ओळीचा निरोप आला: "८/६". एकक नाही, पुढचा कोणता आणि मागचा कोणता तेही नाही. पुढे ८ आणि मागे ६ किलो धरले तर माझ्या दृष्टीने गाडी फारच ताठ होणार होती. उलट धरले तर मागचे टोक इतके ताठ झाले असते की ओल्या रस्त्यावर गाडी सांभाळणे कठीण गेले असते. लांबी आणि आलेख यांच्याबद्दल अवाक्षरही नव्हते. लांबी कळली नाही तर बम्प स्टॉपपर्यंत किती जागा उरेल ते कळत नाही, म्हणजे ज्या दुखण्यासाठी हा खटाटोप चालला होता त्याचेच उत्तर नाही.

मी मागणी रद्द करायचे ठरवले. त्यासाठी वेगळा अर्ज होता आणि त्यात कारण निवडायचे होते: माल सदोष, माल चुकीचा, विलंब. "विकत घेण्यासाठी आवश्यक ती माहिती दिली नाही" हे कारण त्यात नव्हते. मी "विलंब" निवडले, कारण तेही खोटे नव्हते, आणि खाली माझे तीनही प्रश्न तारखांसह पुन्हा लिहून काढले. आणखी दोन आठवड्यांनी रक्कम परत आली. प्रश्नांची उत्तरे शेवटपर्यंत आली नाहीत.

त्यानंतर डॅम्पर स्वतः जुळवणाऱ्या एका लहान कार्यशाळेला मी तेच तीन प्रश्न पाठवले. दुसऱ्या दिवशी उलट प्रश्न आले: टायरची रुंदी किती, चालकाचे वजन किती, अँटी-रोल बार (वळणात गाडीचा झुकाव कमी करणारे दांडे) मूळचे आहेत का, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत किती अंतर ठेवायचे आहे. ते वाचताना मला इतके हायसे वाटले की मी त्यांचे पत्र दोनदा वाचले. त्यांनी पुढे ६ आणि मागे ४.५ किलो सुचवले, डॅम्परच्या लांब्या दिल्या, आणि जुळवणी झाल्यावर चारही डॅम्परचे आलेख सोबत पाठवले. डाव्या-उजव्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. जोडीतले दोन डॅम्पर सारखे आहेत की नाही हे तपासायला आलेखाचा हाच सर्वांत मोठा उपयोग.

बसवण्याचे काम सुरळीत झाले. फक्त एक गोष्ट आवर्जून सांगते: विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. रबर त्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी खाली आली की कायमचे पिळलेले राहते. त्याने उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. आधी हलके आवळावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलून बसू द्यावी आणि मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, पूर्ण आवळावेत. चाकांच्या कोनांची जुळवणी, म्हणजे अलाइनमेंट, त्यानंतर, आणि शक्यतो चालकाच्या जागी तितकेच वजन ठेवून.

टायरबद्दल सुरुवातीलाच लिहायला हवे होते. टायर जुने आणि टणक झाले असतील तर ते आधी बदलावेत व महिनाभर गाडी चालवून पाहावी. नाहीतर कोणता फरक कशामुळे पडला ते कधीच उलगडत नाही. याच कारणासाठी मी अँटी-रोल बारला अजून हात लावलेला नाही. पुढचा बार जाड केला तर अंगझुकाव कमी होतो, पण गाडी वळणात पुढून सरकू लागते, आणि तशी तक्रार मला सध्या नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवण्याचे कामही मी उशिरा केले. ते माल मागवतानाच करावे.

आता गाडी पूर्वीपेक्षा २० मिलिमीटर उंच बसते. कोणी ती पाहून खाली का नाही केली असे विचारले तर मी पुढच्या डॅम्परवरची केबल टाय दाखवते. त्याच रस्त्यावर, त्याच उंचवट्यावरून जाऊन आल्यावर ती बम्प स्टॉपच्या ९ मिलिमीटर अलीकडे थांबलेली असते.