लॅम्डा एवढा फुगतो कशाने?

आज संभाजीनगरात लॅबमध्ये दिवसभर एकाच आकड्यावर काथ्याकूट: पाण्यात इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जाताना लागणारी पुनर्रचना ऊर्जा (भोवतालच्या रेणूंना नव्या स्थितीशी जुळवून घ्यायला लागते ती), म्हणजे रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कसच्या सिद्धांतातला लॅम्डा. (सिद्धांत १९५६चा, नोबेल मिळालं १९९२ला!)

रीत तशी सरळ आहे. संगणकावर रेणूंची हालचाल चालवायची आणि त्या सिम्युलेशनमधून फ्रेम, म्हणजे एकेका क्षणाची चित्रं, उचलायच्या. अणू जागचे न हलवता दोन ऊर्जा काढायच्या, इलेक्ट्रॉन इकडे असताना आणि तिकडे असताना, मग वजाबाकी. या फरकाच्या प्रमाण विचलनाचा वर्ग भागिले २केटी (के हा बोल्ट्झमन स्थिरांक, टी तापमान), झाला लॅम्डा. ३०० केल्व्हिनला विचलन ०.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर लॅम्डा साधारण १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो.

गोची पाण्याच्या मॉडेलमध्ये आहे. अणूंवरचे विद्युतभार कायमचे ठरवून टाकलेलं साधं मॉडेल घेतलं की लॅम्डा हमखास जास्त येतो. खऱ्या पाण्यात रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणात सरकून भार थोडा झाकतात, ते यात धरलेलंच नसतं. पोरं मात्र कोडला शिव्या घालत बसतात.

सिम्युलेशनचं तापमान सांभाळणारी रीत, म्हणजे थर्मोस्टॅट, बेरेंडसेन प्रकारचा नको, तो गतिज ऊर्जेचे चढउतार दाबतो, व्ही-रिस्केल प्रकारचा लावा. टाइमस्टेप, म्हणजे हिशोबाचं एक पाऊल, १ फेम्टोसेकंद (सेकंदाचा एक हजार लाख कोटीवा भाग). हायड्रोजनच्या बंधांची लांबी लिंक्स या पद्धतीने पक्की बांधली तर २ चालतो. ओ-एच बंधाचं एक कंपनच जेमतेम ९-१० फेम्टोसेकंदांचं, पाऊल मोठं टाकलं की ऊर्जा वाहवत जाते.

दुपारी लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली. आमचं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या स्थितीची नोंद, लिहितं, 'सीपीआय' पर्याय दिला की तिथूनच पुढे चालतं. आपल्या मराठवाड्यात ते १५ चे ५ केलेलेच बरे.