तुम्ही विचारलंत म्हणून : आधी राख काढा

'रविवारी उपासनेतून बाहेर पडताना मन पेटलेलं असतं. मंगळवारी दुपारपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही. माझा विश्वासच कच्चा आहे का?' शब्द थोडे इकडचे तिकडचे, पण प्रश्न हाच येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आणखी एखादी प्रेरणादायी सभा किंवा एखादं जोरकस वचन हवं असतं. माझं उत्तर जरा रुक्ष आहे. कमी पडते ती बहुधा निगा, विश्वास नव्हे.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा ६ वा अध्याय काढा. वेदीवरचा अग्नी सतत जळत राहावा, ही आज्ञा तिथे चार-पाच वचनांत तीनदा येते, आणि तिच्या मधोमध सांगितलंय ते राखेबद्दल. याजकाने तागाची वस्त्रं घालायची, रात्रभर जळून झालेली राख उचलून वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर शुद्ध जागी नेऊन टाकायची. रोज सकाळी नवी लाकडंही रचायची. ज्याने चूल पेटवलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. राख साचली की खालून हवा मिळत नाही, आणि वर कितीही लाकूड रचलं तरी नुसता धूर होतो. आपण मात्र उत्साह मंदावला की लाकडंच वाढवतो. आणखी एक सभा, आणखी एक जबाबदारी, आणखी एक संकल्प.

राख म्हणजे जळून झालेलं सगळं, चांगलंसुद्धा. ती काढायला रात्रीची पाच मिनिटं आणि कागदावरच्या तीन ओळी पुरतात. पहिली ओळ आभाराची, आजच्याच एका गोष्टीसाठी. दुसरी कबुलीची, आणि ती नेमकी हवी. 'मी आज चिडलो' हे फार ढोबळ झालं. कोणावर, कशावरून आणि तोंडून काय निघालं, ते लिहा. तिसरी ओळ अर्धवट राहिलेल्या कामाची, जे देवाच्या हाती देऊन तुम्ही झोपणार आहात. मग दिवा बंद. इथे हमखास बिघडते ती दुसरी ओळ. एकीच्या दहा ओळी होतात आणि माणूस राख काढायची सोडून चिवडत बसतो. एकच ओळ लिहायची, क्षमा मागायची, आणि कोणाशी बोलणं गरजेचं असेल तर उद्या बोलायचं.

यशाची राख अधिक चिकट असते. गेल्या वर्षीच्या शिबिरात काय वातावरण होतं, ही आठवण काही जण वर्षभर पुरवून खातात. पण कालचं आज पुरत नाही. निर्गमच्या १६ व्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने रोज पुरवलेलं अन्न, माणशी एक ओमर मिळायचा, म्हणजे साधारण दोन लिटर मावेल इतका. सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडायचे. अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा.

आता लाकडं. ती लहान ठेवा. पहाटे एक तास लवकर उठून प्रार्थना करण्याचा संकल्प साधारण चौथ्या दिवशी मोडतो, पाचव्या दिवशी लाज वाटते, आणि मग बायबल उघडायचीच धास्ती बसते. आपल्याकडे आरंभशूर हा शब्द उगाच नाही. त्यापेक्षा स्तोत्रसंहितेतली आरोहणस्तोत्रं घ्या, १२० ते १३४. ती पंधरा आहेत, आणि १३२ वं सोडलं तर एकही दहा वचनांचं नाही. रोज सकाळी एक, मोठ्याने, उभं राहून, फोनला हात लावण्याआधी. तीन मिनिटांच्या आत होतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचायची नाहीत. त्या तारखेचं जे असेल ते वाचून पुढे जायचं. थकबाकी वसूल करायला लागलात की प्रार्थनेचा हप्ता होतो.

सकाळ सांभाळली तरी दुपार वेगळी. ती सोळाशे वर्षांपूर्वीही वेगळीच होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इवाग्रियस या संन्याशाने 'दुपारच्या भुता'चं वर्णन करून ठेवलंय. ते दहाच्या सुमारास येतं आणि दोनपर्यंत छळतं. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस खिडकीकडे बघतो, जेवायची वेळ झाली का ते पाहतो. ही जागाच वाईट, इथे कोणाला माया राहिली नाही, दुसरीकडे गेलो तर बरं होईल, असे विचार सुरू होतात. कार्यालयात बसणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. त्याने सांगितलेला उपाय असा : जागा सोडू नका, प्रत्येक कामाचं माप आधी ठरवा, आणि ते माप भरल्याशिवाय उठू नका.

हे माप फार महत्त्वाचं. समजा, तुमच्यापुढे दोनशे नोंदी तपासायच्या आहेत. 'आज सगळं जिवेभावे करीन' असं म्हणून बसलात तर तिसाव्या नोंदीला मन भरकटतं. त्याऐवजी पंचवीस घ्या. पहिलीआधी एक वाक्य मनात म्हणा : 'प्रभू, हे तुझ्यासाठी.' पंचविसावी झाली की पेन खाली ठेवा, उभे राहा, दोन श्वास घ्या, जिच्याशी किंवा ज्याच्याशी त्या नोंदी जोडल्या आहेत अशा एका व्यक्तीसाठी प्रार्थना करा, आणि पुन्हा बसा. वाळवंटातलाच दुसरा संन्यासी, संत अंतोनी, याच्याबद्दलही असंच सांगितलं जातं. कंटाळ्याने ग्रासलेला असताना त्याला कोणी तरी दिसलं, दोरी वळत बसलेलं. मग उठून प्रार्थना करणारं. मग परत दोरी वळणारं. उपाय म्हणून त्याला एवढंच दाखवलं गेलं.

काम आवडलंच पाहिजे, अशी अटही नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत होता, आणि ते काम त्याला मुळात नकोसं होतं. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं 'जिवेभावे करा' हेसुद्धा तिथे दासांना उद्देशून आलंय, म्हणजे ज्यांनी आपलं काम निवडलेलंच नव्हतं त्यांना. त्याचा आधार घेऊन कोणी तुमच्याकडून फुकट किंवा अति काम करून घेत असेल तर पुढचा अध्यायही दाखवा. तिथे धन्यांना न्यायाने आणि समतेने वागायला सांगितलंय.

काही वेळा मात्र राखही नसते आणि लाकडाचाही प्रश्न नसतो, शरीरच रिकामं झालेलं असतं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९), तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन परत झोपतो, त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं जातं. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न येतो तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. म्हणून उत्साह गेला म्हणणाऱ्याला मी आधी झोपेबद्दल विचारते. दोन आठवड्यांहून जास्त मन बसलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा. त्याला विश्वासाची कमतरता म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

उलट टोकाचीही माणसं असतात, फार पेटलेली. प्रेषित पौल रोमकरांस पत्र लिहिताना १२ व्या अध्यायात आत्म्यात 'उकळत' राहा असा शब्द वापरतो, पण त्याच पत्रात दोन अध्याय आधी ज्ञानाविना असलेल्या आवेशाबद्दल सावध करतो. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ७२ वा अध्याय कडू आवेश आणि चांगला आवेश असे दोन भाग करतो. घरी लावून पाहण्याजोगी माझी कसोटी सोपी आहे : तुम्ही प्रभूच्या कामाला बाहेर पडलात की घरच्यांना हायसं वाटतं का? वाटत असेल तर पुढची बैठक रद्द करा आणि घरी थांबा.

'किती दिवसांत फरक पडेल?' हा पुढचा प्रश्न. तारीख देता येत नाही, पण कुठे अडाल ते सांगता येतं. नहेम्याने बांधून घेतलेली यरुशलेमची भिंत ५२ दिवसांत पुरी झाली, पण ती अर्ध्या उंचीवर आली तेव्हाच लोक म्हणू लागले की ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपली आणि ढिगारा फार आहे. तुमचाही सातवा-आठवा दिवस असाच जाईल. १२७ वं स्तोत्र नेमकं तिथे येतं, घर बांधणाऱ्यांचं आणि झोपेचं. पंधराव्या दिवशी १३४ वं, तीनच वचनांचं, रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहणाऱ्या सेवकांसाठी. सोळाव्या दिवशी परत १२०.