खाऱ्या वाऱ्यातली गाडी: नव्या रंगावर वॉटर पेपर किती मारायचा

दरवाजा किंवा फेंडर घरी रंगवला, वर टू-के क्लिअरचे, म्हणजे कडक करणारा हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक थराचे, दोन हात मारले, की दुसऱ्या दिवशी उन्हात तीन दोष हमखास दिसतात. संत्र्याच्या सालीसारखी उठलेली पोत, मध्ये बसलेले धुळीचे कण आणि खालच्या बाजूला एखादा ओघळ. तिन्ही वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) आणि पॉलिशने जातात. पण किती घासायचं, याचा हिशेब रत्नागिरी-मालवणकडे जरा कडक ठेवावा लागतो. दोन हातांत क्लिअर साधारण 50 ते 60 मायक्रॉन बसतं, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जेमतेम निम्म्याएवढं. खालचा रंग ऊन आणि खाऱ्या वाऱ्यापासून जपायला तेवढाच थर आहे. त्यातलं 10-15 मायक्रॉनच्या वर काढू नये. आरशासारखी सपाटी मिळवायला क्लिअर पातळ करणं इथे महागात पडतं, दोन-तीन उन्हाळ्यांत बॉनेट पांढरं पडायला लागतं.

घासायला कधी घ्यायचं हे हार्डनरच्या डब्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक टू-के क्लिअर 20-25 अंशांना एका दिवसात घासण्याजोगं होतं. घरच्या पडवीत दोन-तीन दिवस द्यावेत. स्प्रे कॅनमधलं साधं क्लिअर नुसतं थिनर उडून वाळतं, त्याला दोन आठवडे तरी हवेत. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल किंवा आतल्या कडेवर नख रुतत असेल, तर थांबावं. ओल्या रंगावर पेपर फिरवला की त्याच्या गुठळ्या पेपरात भरतात आणि त्याच गुठळ्या रंग ओरबाडतात. त्याहून वाईट म्हणजे आत अडकलेलं थिनर पॉलिशनंतर सावकाश बाहेर पडत राहतं, थर आकसतो आणि आज लखलखणारा पत्रा महिन्याभरात मंद दिसतो, पेपरचे ओरखडेही वर येतात.

हार्डनरला हवेतला दमटपणा चालत नाही, तो पाण्याशीही संयोग पावतो. त्यामुळे क्लिअर मारायचं काम जून ते सप्टेंबर टाळावं, तुळशीच्या लग्नानंतरचे कोरडे दिवस उत्तम. घासायला मात्र पावसाची अडचण नाही. रंग पक्का झालेला असेल आणि डोक्यावर छप्पर असेल तर ऐन श्रावणातही ते काम करता येतं.

इथला खरा शत्रू लाल धूळ. जांभ्याचा एक कण 2000 नंबरच्या पेपरखाली (नंबर जितका मोठा, पेपर तितका बारीक) आला की शेपटीसारखा वळलेला ओरखडा पडतो, आणि तो पेपरच्या रेघांपेक्षा कितीतरी खोल असतो. अंगण आधी पाणी मारून बसवावं. बादल्या दोन घ्याव्या, एक पेपर बुडवायला, दुसरी पत्रा धुवायला. जमिनीवर पडलेला पेपर परत वापरू नये, धुऊनसुद्धा नाही. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, तेव्हा निदान शेवटचं धुणं तरी गोड्या पाण्याने करावं.

आधी ओघळ. तो जाड असल्याने आत कच्चा राहतो, त्याला आठवडाभर द्यावा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, लहान कडक लाकडी ठोकळ्यावर 1000 चा पेपर गुंडाळून फक्त उंचवटा घासावा. टेप घासली जायला लागली की थांबायचं.

बाकी भागाला 1500 ने सुरुवात, पोत बारीक असेल तर थेट 2000 ने. मग 3000. पेपर 15-20 मिनिटं भिजवून ठेवावा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. पेपर मऊ रबरी ठोकळ्यावरच हवा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या पन्हाळी पडतात आणि त्या तिरप्या उजेडात कायम दिसतात. हात सरळ रेषेत, वजन न टाकता. पुढचा नंबर आडवा फिरवावा, म्हणजे आधीच्या उभ्या रेघा गेल्या की नाही ते कळतं.

दर आठ-दहा हातांनी काचेचा रबरी वायपर ओढून पत्रा कोरडा करून बघायचा, ही सवय सगळ्यात मोलाची. पाणी सरलं की राखाडी, मंद पृष्ठभागावर तांदळाच्या कणीएवढे चकाकणारे ठिपके दिसतात. ते पोतीचे खड्डे, तिथे पेपर अजून पोचलेला नाही. ठिपके विरळ झाले की पुरे. शेवटचे चार ठिपके राहू द्यावेत, कंपनीतून आलेल्या गाडीवरही पोत असतेच.

पाण्याच्या रंगावर लक्ष हवं. ते दुधाळ आहे तोवर क्लिअरच निघतंय. गाडीचा रंग पाण्यात उतरला तर क्लिअर संपलं, मग पुन्हा क्लिअर मारण्याशिवाय इलाज नाही. क्लिअरशिवायच्या साध्या एकथरी रंगात पाणी रंगीत येणारच, तिथे घाबरू नये. कडा आणि बॉडीलाइनवर (पत्र्यातल्या उठावदार घडीवर) थर सगळ्यात पातळ असतो, त्यांवर आधीच टेप लावावी. शेवटी टेप काढून 3000 चे दोन-तीन हलके हात.

पॉलिश सावलीत, पत्रा गार असताना. फोम पॅडवर कंपाउंडचे (पॉलिशच्या जाडसर पेस्टचे) वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एका वेळी दोन बाय दोन फुटांचाच भाग. रोटरी मशीन मिनिटाला 1000 ते 1500 फेऱ्यांवर ठेवून सतत हलतं राहू द्यावं. हाताला पत्रा गरम लागला की थांबावं. प्लॅस्टिक बंपर उष्णता धरून ठेवतो, तिथे विशेष जपावं. मधूनमधून चार भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसावं, कारण कंपाउंडचं तेल ओरखडे झाकतं आणि काम झाल्याचा भास होतो. मग मऊ पॅड आणि बारीक पॉलिश.

मेण किंवा सिलंट महिनाभर लावू नये, उरलेलं थिनर त्याखाली कोंडतं. तोवर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्याने मीठ धुवावं, आणि मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावू नये. तुडतुड्यांचा चिकटा पत्र्यावर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि ती घासून काढायची म्हणजे पुन्हा क्लिअरच घासायचं.