खंडग्रास

खण आवरताना पुठ्ठ्याचा ग्रहणचष्मा हाती लागला. काचेच्या जागी असलेल्या काळ्या पडद्यावर ओरखडे उठलेत, म्हणजे आता तो डोळ्यांना लावायच्या लायकीचा नाही. तरी परत आत ठेवला. ‘पुढच्या वेळी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तूंना तर्क लावायचा नसतो.

मला खग्रासपेक्षा खंडग्रासच आवडतं. खग्राससाठी माणसं समुद्र ओलांडतात, दोन मिनिटांच्या अंधारात रडतातसुद्धा. खंडग्रास कडेचा एक घास घेतं आणि निघून जातं. लहानपणी अशाच एका ग्रहणात झाडाखाली उजेडाच्या शेकडो कोरी सांडल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. वारा आला की एकदम थरथरायच्या. मी त्यांच्यावर पाय द्यायला धावायचो आणि त्या पायावरच चढून बसायच्या. एरवीचे गोल कवडसे म्हणजेही सूर्याचीच चित्रं, हे ताईनं तिथंच सांगितलं. तेव्हापासून कवडसा दिसला की तो पुरता गोल आहे ना, हे बघून घेतो. खोड आहे, जात नाही.

ग्रहणांचीही घराणी असतात. 223 चांद्रमास, म्हणजे 18 वर्षं, साधारण 11 दिवस आणि 8 तास उलटले की सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास पहिल्यासारखे उभे राहतात. बाबिलोनच्या लोकांना हे चक्र ठाऊक होतं. मेख त्या 8 तासांत आहे. तेवढ्यात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरते आणि ग्रहण भलतीकडेच दिसतं. आपल्या बाजूला परतायला तीन फेऱ्या, 54 वर्षं.

शिवाय ‘जवळपास’ म्हणजे तंतोतंत नव्हे. दर खेपेला थोडं सरकत घराणं एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जातं, सुरुवातीला आणि शेवटी नुसतं खंडग्रास. 25 ऑक्टोबर 2022चं ग्रहण 1049 साली सुरू झालेल्या घराण्यातलं. त्याचं शेवटचं पूर्ण खग्रास 1968ला होऊन गेलं. आता 2347पर्यंत कडा कुरतडणं तेवढं उरलंय. उलट 1 जुलै 2011ला अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रावर एक नवं घराणं जन्मलं. सूर्यबिंबाच्या व्यासाचा जेमतेम दहावा हिस्सा झाकला, बघायला पेंग्विन असतील तर असतील. ते चालेल 3237पर्यंत.

एका घराण्याची चारपाच ग्रहणं आपल्या हयातीत होतात, आपल्या आकाशात त्यातलं एखादंच. नेमके ढग आले तर 54 वर्षं थांबायचं. दुसऱ्या घराण्यातली येतात म्हणा अधूनमधून.