गडग्यावरचे टार्डिग्रेड: सुकवायचा दुसरा प्रयत्न जमला!

मंडळी, मागच्या खेपेला सहाच्या सहा मेले होते. यावेळी नऊ सुकवले, त्यातले सात परत चालायला लागले, आणि फरक कशाने पडला ते आता बऱ्यापैकी कळलंय म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: टार्डिग्रेड म्हणजे आठ पायांचा, जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटरचा प्राणी, अस्वलासारखा डुलत चालतो. हृदय नाही, फुप्फुस नाही, ऑक्सिजन सरळ कातडीतून. पाणी आटलं की पाय आत ओढून घेतो, आक्रसून छोट्या पिंपासारखा होतो, अंगातलं पाणी दोन-तीन टक्क्यांवर येतं आणि जगण्याच्या क्रिया जवळपास थांबतात. पाणी मिळालं की उठतो.

माझे सगळे मागीलदारच्या गडग्यावरचे, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीवरचे. मे अखेरीस, पाऊस यायच्या आधी, चिऱ्यांवरचं काळं पडलेलं मॉस (भिंतीवर वाढणारी मखमली शेवाळी) सुरीने खरवडून कागदी पाकिटात ठेवलेलं, हातात घेतलं तर चहापत्तीसारखं चुरत होतं. ते उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवलं (विहिरीचं पाणी तसंच घेतलं तर त्यातलेही जीव येतात, मग कोण कुठला कळत नाही), सकाळी पिळलं आणि खाली बसलेला गाळ पेट्री डिशमध्ये (उथळ पारदर्शक बशीत) घेऊन मायक्रोस्कोपच्या सगळ्यात कमी पॉवरवर शोधलं. टॉर्च बाजूने तिरका धरा, सरळ खालून उजेड दिला तर ते आरपार दिसतात आणि नजरेतून सुटतात.

पहिल्या वेळची चूक म्हणजे घाई. थेंब काचेवर ठेवला आणि पंख्याखाली सुकवला, पंधरा मिनिटांत काच कोरडी. दुसऱ्या दिवशी पाणी घातल्यावर ते फुगले, पाय पसरले, पण दोन दिवस थांबूनही एक नखसुद्धा हललं नाही. खूप वाईट वाटलं.

मग वाचत बसलो. पेशीतलं पाणी गेलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात, पडदे फाटतात, आपल्या पेशी त्यातच मरतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की टार्डिग्रेडकडे ठरावीक आकार नसलेली खास प्रथिनं असतात, ती पाणी जाताना काचेसारखी घट्ट होतात. चिक्कीचा पाक गार होताना दाणे कसे जागच्या जागी धरून ठेवतो, अगदी तसं. पण काही जातींमध्ये ही प्रथिनं सुकायला लागल्यावरच भरपूर बनतात, आणि त्याला वेळ लागतो. मी तो वेळच दिला नव्हता.

म्हणून यावेळी फिल्टर पेपरचा तुकडा, त्यावर चिमूटभर ओलं मॉस, त्यात नऊ जण, आणि सगळं स्टीलच्या डब्यात झाकण जरासं तिरकं ठेवून. जूनची दमट हवा, त्यामुळे कोरडं व्हायला पूर्ण दोन दिवस लागले. वर आणखी चार दिवस तसेच ठेवले.

रविवारी सकाळी पाणी घातलं. दहा मिनिटं काहीच नाही, नुसते सुरकुतलेले पिवळट दाणे. मग हळूहळू सुरकुत्या भरून आल्या, आणि सव्विसाव्या मिनिटाला एकाचा मागचा पाय किंचित आखडला. आधी वाटलं पाण्यानेच हलला असेल, पण परत हलला, मग नखं फिल्टर पेपरच्या धाग्यात अडकवून त्याने अंग पुढे ओढलं. आईला हाक मारली, तिने डोळा लावला आणि म्हणाली, "अगोबाई, हे तर रांगतंय!" दुपारपर्यंत सात जण चालत होते. दोन नाही उठले.

यावरून गडग्याचं कोडंही सुटलं मला, की उन्हात तापलेल्या चिऱ्यांवर हे जगतात कसे. टार्डिग्रेड अमर असतो असं सगळीकडे सांगतात ते खरं नाही. डेन्मार्कमध्ये 2020 ला केलेल्या प्रयोगात एका जातीचे जागे प्राणी साधारण 37 अंशांच्या पाण्यात दिवसभर ठेवल्यावर निम्मे मेले, आणि तेच सुकलेले असताना निम्मे मरायला दिवसभर 63 अंश लागले. म्हणजे मे महिन्यात तापलेल्या चिऱ्यावर कोरडं होणं हीच त्यांची सुटका आहे, आणि मॉसची गादी पाणी धरून ठेवते, हळूहळू सोडते, म्हणून त्यांना तयारीला वेळ मिळतो. माझा डबा म्हणजे त्या गादीची नक्कल.

असंच काहीसं मायक्रोस्कोपने सूक्ष्म जीव बघणाऱ्या डच लेवेनहुकने 1702 मध्ये बघितलं होतं, पन्हळीतला सुका गाळ भिजवला आणि तासाभरात त्यातले रोटिफर (पाण्यातले असेच सूक्ष्म प्राणी) पोहायला लागले. माझ्या डिशमध्येही रोटिफर भरपूर आहेत, पुढची पाळी त्यांची.

आणखी एक. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या (भारतीय विज्ञान संस्थेतल्या) लोकांना कॅम्पसच्या भिंतीवरच्या मॉसमध्येच असा टार्डिग्रेड मिळाला जो घातक अल्ट्राव्हायोलेट किरण अंगात शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतो आणि त्यामुळे वाचतो, 2020 मध्ये छापून आलंय. तेव्हा आपापल्या भिंती बघा, कुठे लांब जायला नको.

कालची बातमी: सातातल्या एकीने कात टाकलीय आणि त्या रिकाम्या कातडीत पाच अंडी आहेत, मोत्यासारखी गोल. ती डिश वेगळी काढलीय, रोज रात्री पाणी बदलतोय.