जगात जर्मनी, भारतात परभणी अन् मधे पुण्यातलं दुकान

पोरीची नेमबाजीची रायफल घरी येऊन चार महिने झाले तरी त्या दुकानदाराचं "सर, उद्या कळवतो" आठवलं की डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं अन् आमच्या पोरीच्या डोक्यात शूटिंग बसलं. तो खेळला ती ५० मीटरची .२२ म्हणजे काडतुसाची रायफल, तिला लायसन लागतं. आपण म्हणलं आधी १० मीटर एअर रायफल. बोअर म्हणजे नळीचं भोक .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, अन् ताकद २० ज्यूलच्या आत असली की लायसनची भानगड नाही, मॅचची रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. वर्षभर क्लबच्या रायफलीवर भागवलं, मग स्वतःची घ्यायचं ठरलं. आमचे साडू म्हणे, "एवढे पैसे घालून एकेकच छर्रा भरायचा? मॅगझिनवाली कामून घेत नाही?" आता त्यांना काय सांगावं. मॅचमध्ये एका वेळी एकच छर्रा भरायचा असतो, अंगठ्यानं ठेवायचा, लिव्हर दाबायचा, मारायचा, असं ६० वेळा. अन् हातानं ठेवलेला छर्रा कुठं चेपत नाही.

वाल्थर का फाइनवर्कबाऊ यावर लोक लई भांडतात. दोन्ही जर्मन कंपन्याच. माझं मत असं की या लेव्हलला कंपनीनं फरक पडत नाही, हातात आलेल्या त्या एका बॅरलनं पडतो, अन् कोणता छर्रा त्या बॅरलला मानवतो त्यानं पडतो. नवीन परवडणारी नव्हती म्हणून पुण्यातल्या एका दुकानात सेकंडहँड बघितली.

अन् इथं गाडी अडकली. माझी मागणी एकच, रायफल क्लॅम्पमधे बांधून १० मीटरवर दहा छर्रे मारून दाखवा. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, तिथं "चांगली चालते सर" याला काय अर्थ आहे? पोरगी खांद्यावरून मारून बघणार तर चूक तिची का बॅरलची हे कळणार कसं? तो म्हणे बॉक्समधे कंपनीचं टेस्ट कार्ड आहे की, म्हणजे कंपनीनं छर्रे मारून बघितलेला कागद. कार्ड होतं, त्यावर एकच गोल सुबक भोक, बघून मी पण खूश झालो होतो. पोरीनं चष्मा वर सारून कार्ड रायफलीशेजारी धरलं अन् म्हणाली, "पप्पा, नंबर बघा." शेवटचे दोन आकडे वेगळे. कार्ड दुसऱ्याच रायफलीचं! दुकानदार हसून म्हणतो, अदलाबदल झाली असंल सर.

त्या दिवशी टेस्ट झाली नाही कारण रायफलीच्या सिलिंडरमधे हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद होता. परभणीहून रात्रभर ट्रॅव्हल्समधे बसून गेलेला माणूस मी, परत रात्रभर बसून आलो. मग फोन. उद्या कळवतो. सोमवारी कळवतो. दुसऱ्यांदा गेलो तर रेंज बघणारा पोरगा गावी गेलेला अन् चावी त्याच्याकडं. चावी! मी म्हणलं मी इथंच बाकड्यावर बसतो, तर मला चहा पाजला अन् म्हणे ॲडव्हान्स देऊन ठेवा, दुसरं गिऱ्हाईक आलंय. (दिला नाही. देऊ नका.) असे दोन महिने गेले, पोरगी शाळेची स्पर्धा मागून आणलेल्या रायफलीवर खेळली.

मधल्या काळात एक शहाणपण सुचलं ते इथंच सांगतो, नाहीतर विसरंन. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते ती वाचा, ॲल्युमिनियमचं सिलिंडर साधारण १० वर्षं वापरायचं असतं. आम्ही बघितलेल्या रायफलीची दहा वर्षं उलटली होती. मी दाखवल्यावर त्यानं नवीन सिलिंडर त्याच किमतीत द्यायचं कबूल केलं, एवढं मात्र खरं.

तिसऱ्या खेपेला मी छर्रे स्वतःचे नेले, तीन डबे, छर्‍याच्या डोक्याचा साइज ४.४९, ४.५० अन् ४.५१ मिलिमीटर. क्लॅम्प लावला. आधी दुकानातल्या जुन्या डब्यातले दहा मारले, भोक ९ मिलिमीटरचं, कडा फाटलेल्या. पोटात गोळाच आला. ४.४९ नं थोडं बरं. ४.५० चे दहा मारले अन् कागदावर साडेपाच मिलिमीटरचं एकच भोक, छर्राच साडेचारचा म्हटल्यावर अजून काय पाहिजे? दुकानदारानं पण कागद दोनदा उलटून बघितला. ४.५१ चा डबा फोडलाच नाही.

बाकीचं पटकन. रायफलीचं वजन मॅचमधे ५.५ किलोपर्यंत चालतं पण ४२ किलोच्या पोरीला तेवढी देऊ नका, आमची साडेचारच्या आत आहे. बट (खांद्याला टेकतो तो भाग) अन् गालाची पट्टी मागंपुढं वरखाली होती का बघा, पोरं वाढतात. डोळा कोणता चालतो ते आधी तपासा, उजव्या हाताची पोरं डाव्या डोळ्याची निघतात. २०० बारपर्यंत (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हातपंपानं हवा भरता येते, शेवटच्या ५० बारला नानी आठवते. अन् आपल्याकडच्या मे महिन्यात भरलेलं सिलिंडर गाडीत ठेवू नका, प्लीज. बिल अन् आधारची झेरॉक्स पेटीतच ठेवा, ट्रॅव्हल्सवाला पेटी बघून "बंदूक हाय का?" म्हणून उतरवायलाच निघाला होता, बिलावर एअर रायफल वाचलं तवा डिक्की उघडली.

तो साडेपाच मिलिमीटरवाला कागद पोरीनं कपाटाला आतून चिकटवलाय, त्यावर रायफलीचा नंबर स्वतःच्या हातानं लिहून. काल दुकानदाराचा मेसेज आला, सर गुगलवर फाइव्ह स्टार द्या ना. मी लिहिलं, उद्या कळवतो.