सहस्रचंद्रदर्शनाचं भाषण: मानपत्राने मधला भाग खाल्ला

तात्यांच्या सहस्रचंद्रदर्शनात मला बोलायचंय; त्या भाषणाचा दुसरा खर्डा वेळेत बसला, असं मागच्या वेळी कळवलं होतं. तो खर्डा आता बाद. परवा कार्यक्रमपत्रिका हाती आली: औक्षण, ग्रंथतुला, मानपत्राचं वाचन आणि लगेच माझं मनोगत. मानपत्राचा मसुदाही तात्यांच्या मुलीने पाठवला. जन्म, शिक्षण, छापखान्यातली नोकरी, निवृत्ती, नातवंडं, सगळं क्रमाने आणि उत्तम भाषेत. माझा मधला भाग नेमका हाच होता. नुकतंच ऐकलेलं चरित्र लोक पुन्हा कशाला ऐकतील?

सुरुवात मात्र शाबूत आहे, आणि ती मला फार आवडलीय. ‘हजार पौर्णिमा पाहिलेले’ हे वाक्य अशा प्रत्येक समारंभात असतं, पण हिशेब कुणी मांडत नाही. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजाराने गुणलं की ८० वर्षं आणि साधारण १० महिने होतात. ८० पूर्ण होतात तेव्हा पौर्णिमा भरतात ९८९च्या आसपास, त्याही अधिक महिने धरून. नुसतं बाराने गुणलं तर ९६०च. घरच्यांनी समारंभ बरोब्बर ८० वर्षं १० महिन्यांवर धरलाय, त्यामुळे इथे टाळी नक्की आहे.

घोडं अडलं ते पुढे. हिशेबावरून माणसावर यायचं कसं? कष्टाळू, मनमिळाऊ, निगर्वी ही विशेषणं कुणालाही चिकटतात, ती मी वापरत नाही. घरगुती किस्से घालून पाहिले, पण निम्म्या सभागृहाला संदर्भ लागणार नाही. एक अख्खा आठवडा यातच गेला. शेवटी तात्यांकडेच जाऊन बसलो आणि म्हटलं, खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, कसे जुळवायचात ते दाखवा. त्यांनी डावा हात पुढे केला, तळहातात स्टिक (खिळे ओळीत लावायची पट्टी) असावी तशी बोटं मुडपली, आणि उजवा हात हवेतल्या ‘केस’च्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवरून फिरू लागला, न बघता. डाव्या हाताचा अंगठा प्रत्येक नव्या खिळ्यागणिक थोडा थोडा सरकत होता. “अंगठा सुटला की ओळ सांडली,” म्हणाले. खिळ्यांशिवाय अक्षरं जुळवणारं फोटोटाइपसेटिंग आलं, त्या पेट्या भंगारात गेल्या, अंगठा अजून सरकतो. मधला भाग मिळाला! मानपत्र कितीही चांगलं असो, त्यात हे येणार नाही.

हे लिहितानाच सुचतंय: तात्या वर्तमानपत्रात रातपाळीला असायचे. पहाटे पायी घरी येताना पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला उतरलेला असणार. आपण सगळे तो उगवताना बघतो, तात्यांनी कित्येकदा मावळताना पाहिला असेल. हिशेबातून छापखान्यात शिरायला हीच वाट! ग्रंथतुलेचा परिच्छेद मग शेवटाकडे नेतो. तात्यांना रातपाळीचं नीट विचारून घेतो आणि आज रात्रीच जोडणी बदलतो.

भाषणाचे मुद्दे कार्डांवर घ्यावेत की मोबाइलवर, असं विचारलं होतंत. मोबाइलवरून बोलू नका. दिव्यांखाली पडदा चमकतो आणि मान खालीच राहते. अप्पा बळवंत चौकातून जाड आयव्हरी कागद कापून आणा, मुक्ता फॉन्टमध्ये ठळक छापा. पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण, बाकी नुसते मुद्दे.

आता प्रश्न माइकचा. अंगठा दाखवायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि मागच्या रांगेपर्यंत दिसायला हवेत. म्हणजे हातात धरायचा कॉर्डलेस बाद, पोडियमही बाद. ध्वनिव्यवस्थावाल्यांकडे स्टँडचा माइक मागितलाय. कॉलर माइक सुचवताहेत, पण रेशमी कुडत्यावर तो खसखसतो. कुणी सुती जाकिटावर लावून पाहिलाय का?